पूर ओसरल्यानंतर : सिमेंटचे पत्रे व घरातील कचरा

सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात कृष्णा व पंचगंगा या नद्यांच्या महापुराने सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील अनेक गावे पाण्याखाली गेली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रसंग ओढवला. अशा वेळी पाणी ओसरताच घरोघर चिखल उपसण्याची घाई होते. भिजलेल्या भिंती खचतात, वरील पत्रे फुटतात आणि चिखल, गाद्या, धान्य, औषधांचे डबे व पत्र्यांचे तुकडे यांचा एकच ढीग रस्त्याकडेला पडतो. यांपैकी पत्र्यांचा तुकडा निरुपद्रवी दिसतो; परंतु त्याची नीट व्यवस्था न लावल्यास त्याचे परिणाम पुढील पिढीस भोगावे लागतात.

धोका कोठे आहे?

सिमेंटच्या पत्र्यास बळकटी यावी म्हणून त्यात ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज मिसळतात. पत्रा अखंड असेपर्यंत तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. तेव्हा छपरावर असा पत्रा आहे म्हणून घाबरून जाऊ नये. पत्रा फुटला, कापला अथवा यंत्राखाली चिरडला म्हणजे मात्र तंतू सुटे होतात. ते डोळ्यांस दिसत नाहीत. श्वासाबरोबर फुप्फुसात शिरतात व तेथेच राहतात. त्यामुळे फुप्फुसे निबर होतात, तसेच फुप्फुसाचा व त्यावरील आवरणाचा कर्करोग होऊ शकतो. हे रोग बहुधा २० ते ४० वर्षांनी प्रकट होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक आहेत.

चिखल ओला असतो तोवर तंतू दबून राहतात. ऊन पडून चिखल वाळला व धूळ उडू लागली की धोका वाढतो. म्हणून पत्र्यांचे काम ओल असतानाच उरकावे. लोखंडी पत्रा वाकतो, सिमेंटचा तुटतो. हल्ली ॲस्बेस्टॉसविरहित पत्रेही मिळतात. पण नुसत्या नजरेने फरक कळत नाही. सबब, सिमेंटचा प्रत्येक नागमोडी पत्रा व जुन्या पाणीयोजनेचा सिमेंटचा नळ हा ॲस्बेस्टॉसचाच समजावा.

पत्रे हाताळण्याची रीत

१. नुकसानभरपाईसाठी पंचनामा व छायाचित्रे आधी करून घ्यावीत. तोवर ढिगावर पाणी शिंपडत राहावे.

२. भिजलेल्या छपरावर चढू नये. पत्रा भार सोसत नाही व माणूस खाली कोसळतो. मुलांना व गुरांना दूर ठेवावे.

३. पाण्यात धुण्याची पावडर थोडी मिसळून झारीने हलकेच शिंपडावे. जोराचा फवारा मारू नये, कारण त्याने तंतू सुटतात.

४. पत्रा फोडू, कापू वा ओढत नेऊ नये. नटबोल्ट सोडवून तो दोघांनी उचलावा.

५. तोंडास बांधलेला रुमाल तंतू अडवीत नाही. पी-१०० प्रतीचा मुखवटा वापरावा. तो न मिळाल्यास निदान एन-९५ प्रतीचा, चेहऱ्यास घट्ट बसणारा मुखवटा घ्यावा. हातमोजे व गमबूट घालावेत.

६. तुकडे हाताने वेचावेत, कोरडा खराटा फिरवू नये. ते जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळावेत. शेततळ्याचा जुना कागद यासाठी चांगला. वर ‘ॲस्बेस्टॉस – फोडू नये’ असे ठळक लिहावे.

७. कामाचे कपडे न झटकता ओले करून वेगळे धुवावेत व स्नान करूनच घरात जावे.

तुकड्यांचा पुनर्वापर टाळावा

फुटके पत्रे पाणंद रस्त्यावर भर म्हणून टाकण्याची किंवा गोठ्याच्या जमिनीत ठोकून बसविण्याची चाल अनेक ठिकाणी आढळते. चाकांखाली व खुरांखाली ते वर्षानुवर्षे दळले जातात. खतखड्ड्यात गेलेला तुकडाही कुजत नाही; तो खताबरोबर शेतात जातो आणि नांगराखाली फुटत राहतो.

इतर कचऱ्याचे वर्गीकरण

कुजणारा कचरा : ओला चारा, पालापाचोळा व सडलेले धान्य शेणकाल्याच्या थरांसह खतखड्ड्यात घालावे. बुरशी आलेले धान्य गुरांना किंवा कोंबड्यांना चारू नये. खत पूर्ण कुजल्याखेरीज वापरू नये.

विषारी कचरा : कीटकनाशकांचे डबे, विजेच्या नळ्या, बॅटऱ्या व भिजलेली औषधे झाकणाच्या बादलीत वेगळी ठेवावीत. डबे नदीत धुवू नयेत किंवा घरात वापरू नयेत.

गाद्या, कापड व प्लॅस्टिक : हे जाळू नये, त्यांच्या धुरात विषारी वायू असतात. ग्रामपंचायतीच्या वाहनात द्यावे.

मृत जनावरे : पशुवैद्यकीय कर्मचाऱ्यांना कळवून, विहीर व ओढ्यापासून दूर, खोल खड्ड्यात चुन्यासह पुरावीत.

ग्राम-कार्यकर्त्यांचे कर्तव्य

ॲस्बेस्टॉसयुक्त कचरा घातक कचऱ्यात मोडतो. तो गावच्या उकिरड्यावर न टाकता तहसील कार्यालय व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना कळवून अधिकृत केंद्राकडे पाठवावा लागतो. अशी केंद्रे तळोजा व रांजणगाव येथे आहेत. वाहन येईपर्यंत बांधलेले पत्रे पूररेषेच्या वर, कुंपण घातलेल्या जागी ठेवावेत.

ही जागा पूर आल्यावर शोधू गेल्यास मिळत नाही. म्हणून मे महिन्याच्या ग्रामसभेतच ती ठरवून घ्यावी, मुखवटे व जाड प्लॅस्टिक यांचा साठा ग्रामपंचायतीत करावा, आणि जेसीबी चालकास बजावून ठेवावे की पत्रे वेचून झाल्याखेरीज कोणत्याही ढिगास हात लावावयाचा नाही.