गरोदर बाईला यंत्राचा फोन येतो तेव्हा

रोबो म्हटलं की सिनेमातला लोखंडी माणूस आठवतो. पण गरोदर बायकांना आरोग्याचे धडे देणारं यंत्र आपल्या वस्तीत कधीच आलं आहे. ते फोनवरून बोलतं. केंद्र सरकारची ‘किलकारी’ सेवा २०१६ मध्ये सुरू झाली आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ निरोप फुकट ऐकवले जातात. पलीकडे माणूस नसतो, ध्वनिमुद्रित आवाज असतो.

आम्ही नर्स असताना, शंका विचारली म्हणून वस्तीतल्या बायकांना ओरडा खाताना पाहिलं आहे. यंत्र ओरडत नाही, आडनावही विचारत नाही. म्हणून हा फोन आम्हाला हवा आहे. पण त्याच्या मर्यादा ओळखूया.

पहिली गोष्ट, यंत्र तारखेवर चालतं. नोंदणीत शेवटच्या पाळीची तारीख चुकली, तर सातव्या महिन्याची माहिती पाचव्यातच येते. नंबर बदलला तर फोनच येत नाही. तारीख आणि नंबर आशाताईंकडून तपासून घ्या.

दुसरी गोष्ट, फोन कोणाकडे असतो? नवऱ्याच्या खिशात, कामावर. तिच्यासाठीचा निरोप तो कापून टाकतो. भावांनो, शक्य असेल तर घरचाच नंबर द्या. नाहीतर निरोप ऐका आणि घरी येऊन सांगा.

तिसरी गोष्ट, यंत्राला दिसत नाही. आमच्या वस्तीत सातव्या महिन्यातल्या एका सुनेचं डोकं ठणकत होतं, तोंड सुजलं होतं. “फोनवर तर असं काही सांगितलं नाही,” म्हणून ती दोन दिवस घरीच बसली. आशाताईंनी चेहरा पाहिला आणि तडक दवाखान्यात नेलं. बीपी १६०/११० निघालं. थोडक्यात दोन जीव वाचले.

यंत्र चालवणाऱ्यांनाही हे उमगलं आहे. मुंबईतल्या ‘अरमान’ संस्थेच्या ‘एममित्र’ सेवेत, कोणती आई निरोप ऐकणं सोडून देईल याचा अंदाज संगणक बांधतो. मग तिला माणूस स्वतः फोन करतो. शेवटी माणूस लागतोच.

पुढची लक्षणं दिसली तर पुढच्या फोनची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा:

• अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं
• डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला-हातांना सूज
• झटके येणं
• पोटात खूप दुखणं, जोराचा ताप, धाप लागणं
• बाळाची हालचाल कमी होणं किंवा थांबणं

गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर तो धोका समजा. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं तर रक्त कमी आहे. ७ च्या खाली गेलं तर गोळ्यांवर भागत नाही, मोठ्या दवाखान्यात जावं लागतं. रक्तवाढीच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस घ्या, चहासोबत नको. बाळंतपणाआधी किमान चार तपासण्या करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते.

भगिनींनो, फोन आला की स्पीकर लावा, सासूबाईंनाही ऐकवा. समजलं नाही ते आशाताईंना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आणि शेजारची पोटुशी बाई चार दिवस दिसली नाही, तर तिचं दार वाजवा. ते काम कोणतंही यंत्र करणार नाही.