मनाचें माप

अंगांतील ताप थर्मामीटरनें कळतो, जोंधळा पायलीनें मोजतां येतो. पण मनांतील सुख मोजावयाचें कशानें? त्याचा साक्षीदार ज्याचा तोच. म्हणून मानसशास्त्रज्ञ त्यालाच ठराविक प्रश्न विचारतात व उत्तरांस अंक देतात. या साधनास प्रश्नावली म्हणतात. तिच्यावर विश्वास कितपत ठेवावा, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

आनंद आणि समाधान हे शब्द आपण पुष्कळदां एकाच अर्थानें वापरतों. शास्त्र मात्र त्यांचीं मापें निराळीं ठेवतें. आनंद हा प्रसंगोपात्त उठणारा भाव होय. वॉटसन, क्लार्क व टेलेगेन यांच्या १९८८ च्या प्रश्नावलींत भावनांचे २० शब्द असून त्यांपैकीं १० उत्साहासारखे सुखकर व १० भयासारखे दुःखकर आहेत. दोहोंची बेरीज वेगळी करतात. कारण दुःख सरलें म्हणजे आनंद आलाच, असें नाहीं. समाधान हा सबंध आयुष्याविषयींचा निवाडा होय. त्यासाठीं डीनर व त्यांचे सहकारी यांनीं १९८५ सालीं ५ विधानें योजिलीं. प्रत्येकास १ ते ७ अंक. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ च्या प्रश्नावलींतही ५ विधानें आहेत. परंतु तीं गेल्या दोन आठवड्यांतील प्रसन्नता, शांतता, उत्साह, झोपेनंतरचा ताजेपणा व दिनक्रमांतील गोडी यांविषयीं आहेत.

हा भेद आपल्या बीड जिल्ह्यांत सहज उमगेल. येथील असंख्य कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. उसाच्या फडांतील एखाद्या मातेस विचारा: झोपून उठल्यावर ताजेंतवानें वाटतें काय? ती बहुधा नाहीं म्हणेल. आयुष्याचें समाधान आहे काय? मुलगी शाळेंत शिकते आहे, या विचारानें ती कदाचित् होय म्हणेल. दोन्ही उत्तरें खरीं, प्रश्न वेगळे. मात्र मुकादम जवळ उभा असतां विचारलें, तर तीच माता सर्व ठीक आहे असें सांगेल. मग बेरीज अचूक असूनही माप खोटें ठरेल.

घरींदारीं हेंच घडतें. शिक्षक वा वडील कागदावर डोळा ठेवून असले, म्हणजे मुलें त्यांस रुचेल तें लिहितात. विद्यार्थिमित्रहो, अशा कागदांत बरोबर वा चूक उत्तर नसतें. मनास वाटेल तेंच लिहा. पालकांस आमची विनंती अशी कीं, ही बेरीज म्हणजे परीक्षेचे गुण नव्हेत व रोगाचें निदानही नव्हे. आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलींत २५ पैकीं १३ हून कमी अंक आले, तर डॉक्टरांकडून अधिक तपास व्हावा, एवढाच त्याचा अर्थ. कमी अंक पाहून मुलास रागें भरलें, तर पुढील खेपेस तो अधिक अंक लिहील; पण त्याचें मन अधिक सुखी झालेलें नसेल. त्यापेक्षां त्यास जवळ बसवून मायेनें विचारपूस करावी.