जुन्या संगणकावरील संकलन

लिनक्सवरची बहुतेक सॉफ्टवेअर मूळ रूपात, म्हणजे 'सोर्स कोड'सह, मोफत मिळतात. हा सोर्स यंत्राला कळेल अशा भाषेत आणणे म्हणजे संकलन, अर्थात 'कंपाइल' करणे. डेबियनने ऑगस्ट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिट संगणकांसाठी कर्नेल व इन्स्टॉलर देणे थांबविले. अशा यंत्रावर जुनी आवृत्ती ठेवून एखादे नवे सॉफ्टवेअर हवे असेल, तर ते बहुधा स्वतःच संकलित करावे लागते. नाहीतर चालता संगणक भंगारात जायचा.

आपल्या वाणिज्य शाखेचेच उदाहरण घेऊ. 'लेजर' म्हणजे खतावणी. ह्या नावाचा द्विनोंदी हिशेबाचा प्रोग्रॅम जॉन वीगली यांनी सी++ भाषेत लिहिला. १ जीबी स्मृतीच्या यंत्रावर तो संकलित करू लागताच पडद्यावर चुकांची रांग लागते, आणि आपण नेमकी शेवटची ओळ वाचतो. ही रीत उलटी आहे. कीर्दीत एक रक्कम चुकली की खतावणी चुकते व तेरीज जुळत नाही. तेरजेकडे पाहत बसून काय होणार? वर जाऊन पहिली 'एरर' शोधावी. संदेश इंग्रजीत असले तरी मराठी वा कन्नड माध्यमातून आलेल्यांनी बिचकू नये. तेच ते शब्द फिरून येतात.

बूस्ट किंवा जीएमपीची 'हेडर' फाइल सापडत नाही असे म्हटले असेल, तर त्या लायब्ररीचे, नावाअखेर 'डेव्ह' असलेले पॅकेज घालावे.

'किल्ड' हा शब्द दिसला तर सोर्सला दोष देऊ नये. स्मृती संपल्यामुळे कर्नेलनेच संकलकाचा गळा दाबलेला असतो. 'मेक'ला एका वेळी एकच काम सांगावे आणि डिस्कवर २ जीबीची स्वॅप फाइल करून द्यावी. रात्रभर चालेल, पण पुरे होईल.

सर्वांत फसवे दुखणे घड्याळाचे. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणाएवढा सेल संपला की यंत्राची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. 'मेक' हा प्रोग्रॅम स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये तयार केला. तो फाइलींच्या केवळ तारखा पाहतो. सोर्स नवा व तयार फाइल जुनी असेल, तर पुन्हा संकलन करायचे, एवढेच त्याला ठाऊक. यंत्रात २००५ साल असेल, तर आत्ताच झालेली फाइलही त्याला जुनी वाटते आणि रात्रीचे काम सकाळी पहिल्यापासून सुरू होते! 'क्लॉक स्क्यू' असा इशारा येताच सेल बदलून तारीख लावावी. त्यानंतर एकदा सारे नव्याने संकलित होईल, ते मध्येच थांबवू नये.