"छान आहे" म्हणजे मत नव्हे



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत बचतीच्या नोंदी झाल्यावर आम्ही बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या आत्मकथनातली काही पानं वाचली. फलटणमध्ये किराणा दुकान सांभाळत, नवऱ्यापासून लपवून त्यांनी हे लिहिलं. दलित बायांची उपासमार त्यात आहे, आणि घरातल्याच सासवांनी केलेला सुनांचा छळही.

"कसं वाटलं?" विचारलं, तर सगळ्यांचं एकच उत्तर : "छान." अहो, कुठली गोष्ट पटली, कुठली खटकली आणि का, हे सांगितलं की मत होतं. मग एक ताई म्हणाल्या, "सासवांचं पुस्तकात कशाला लिहायचं? घरातलं घरात राहावं." दुसरी लगेच म्हणाली, "घरात राहिलं म्हणूनच तर चालत आलं ना!" आवाज चढले. मी घाबरून कर्जाचा विषय काढला. तिथं मी चुकले. "पुस्तकात नेमकं काय म्हटलंय, पुन्हा वाचू," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

अंगठा लावणाऱ्या एक आजी निघताना दारात म्हणाल्या, "तिनं लपवून का होईना, लिहिलं. माझं सगळं पोटातच राहिलं." बैठकीत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

पुढच्या बैठकीत लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घेऊ. त्या लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या. एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पहिलं मत आजींचं.