हाताने केलेल्या प्लेटची किंमत कशी काढायची? भागाकारातली एक महागडी चूक

व्हिडिओत आकडे भराभर सांगितले, म्हणून इथे नीट लिहून देतोय.

माझ्या दुकानात एक ताई स्वतःच्या स्टुडिओत केलेल्या ग्लेझच्या सिरॅमिक प्लेट ठेवतात. सुरुवातीला मीच त्यांना म्हणालो, "ताई, ६०० च्या वर गिऱ्हाईक हात लावणार नाही." चार महिन्यांनी त्या म्हणाल्या, "दादा, प्लेट सगळ्या जातात, पण वीजबिल भरायला पैसे उरत नाहीत." मग आम्ही वही घेऊन बसलो.

आधी काम समजून घ्या. प्लेट चाकावर घडवायची, अर्धवट सुकली की तिचं बूड खरवडायचं, मग पूर्ण सुकवायची. १००० अंशांच्या आसपास पहिली भाजणी, मग ग्लेझ, मग स्टोनवेअर असेल तर १२०० अंशांच्या वर दुसरी भाजणी. पसरट असल्यामुळे प्लेट वाकते, तडकते. भट्टीत मगपेक्षा जागाही जास्त खाते.

आता २० प्लेटचा हिशोब (आकडे सोपे केलेत):

- माती आणि ग्लेझ: १२०० रुपये
- दोन भाजण्यांची वीज: २४०० रुपये
- मजुरी, १५ तास: २४०० रुपये
- एकूण: ६००० रुपये

ताई २० ने भागून एका प्लेटचा खर्च ३०० धरत होत्या. पण ४ प्लेट वाया गेल्या. विकण्याजोग्या १६. म्हणजे खरा खर्च ३७५! आणि ६०० मधून माझं ४० टक्के कमिशन गेलं की त्यांच्या हातात ३६०. प्रत्येक प्लेटमागे १५ रुपये तोटा. जितकी विक्री जास्त, तितका खड्डा मोठा. मी फक्त गिऱ्हाइकाचा खिसा बघितला, त्यांची भट्टी नाही. ही चूक माझी.

मग योग्य किंमत किती? ३७५ अधिक ७५ नफा, झाले ४५०. इथे बरेच जण ४५० वर ४० टक्के चढवून ६३० लावतात. चुकतं! कमिशन विक्रीच्या किमतीवर कापलं जातं, म्हणून ४५० ला ०.६ ने भागा. उत्तर ७५०.

आता प्लेट ७५० ला आहे. थोडी सावकाश जाते, पण ताईंची भट्टी चालू आहे.

गृहपाठ: तुमच्या मागच्या लॉटमध्ये किती नग केले आणि किती विकण्याजोगे निघाले, ते आजच लिहा. भागाकार दुसऱ्या आकड्याने करा.