पोरगं अंगावर का येतं?

ताईंनो, हप्ते जमा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या की बैठकीत गप्पा निघतात. हल्ली त्यात एक तक्रार हमखास असते : "पोरगं पंधराचं झालं आणि काही बोललं की अंगावरच येतं." कुणी संगतीला दोष देतं, कुणी मोबाईलला. कुणाची दृष्ट काढूनही झालेली असते. या वेळी शरीरात काय होतं ते बघू.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. भीती, अपमान, परीक्षा असं काही समोर आलं की मेंदू तिला इशारा देतो. आधी ॲड्रेनलिन सुटतं. छाती धडधडते, मुठी वळतात. मागोमाग कॉर्टिसॉल येतं आणि रक्तात साखर वाढवतं, लढायला किंवा पळायला ताकद मिळावी म्हणून. शेतात साप दिसला की आपण कशी उडी मारतो, तेच हे. साप गेला की शरीर शांत होतं. पण घरात रोज दारू, मारहाण, कर्जाची बोलणी असतील तर साप जातच नाही.

त्यात या वयात राग-भीती जागवणारा मेंदूचा भाग जोरात असतो, आणि 'थांब जरा' म्हणणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. बैल ताजा, कासरा कच्चा!

ऐकायला विचित्र वाटेल, पण वर्षानुवर्षं ताणात वाढलेल्या काही मुलांत कॉर्टिसॉल उलट कमी आढळतं. शरीर जणू दाद देणंच सोडतं. म्हणून 'हार्मोन वाढलेत, गोळी द्या' इतकं सोपं गणित नाही. मनानेच रक्त तपासायला पैसे घालू नका.

मुलींनाही हे होतं. पुष्कळदा त्या आतल्या आत कुढतात, जेवण टाकतात, आणि आपल्याला तो राग वाटतच नाही.

कॉर्टिसॉल भांडणानंतर वीस-तीस मिनिटांनी सर्वांत जास्त असतं. तेव्हा "आत्ताच्या आत्ता माफी माग" म्हणून काही होत नाही. चारचौघांत हात उगारला तर आणखी चिघळतं. पाणी द्या, बाजूला व्हा, संध्याकाळी बोला. या वयाला ८ ते १० तास झोप लागते, म्हणून रात्री मोबाईल आईच्या उशाशी.

मुलगा मारायला लागला, स्वतःला इजा करायला लागला, तर लपवू नका. सरकारी रुग्णालयात किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं, आशाताईंना विचारा. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. पोरालाच घरात मार पडत असेल तर १०९८.