कर रस्त्याचा, अपेक्षा काटकसरीची

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत राहते. तिकडे पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त, तरी निवडणूक आली की त्यावरच्या करावरून गदारोळ होतो, असं ती सांगते. पेट्रोल कमी जळावं असं पुढाऱ्यांना खरंच वाटत असेल, तर सरळ कर का वाढवत नाहीत? – एक वाचक, मिरज

उत्तर : वाढवायचा प्रयत्न झालाय, आणि ज्यांनी केला त्यांचे हात पोळलेत.

अमेरिकेत केंद्र सरकारचा पेट्रोलवरचा कर आहे गॅलनमागे १८.४ सेंट. लिटरमागे जेमतेम पाच सेंट, आपल्या हिशेबाने चार-साडेचार रुपये. राज्यांचे कर वेगळे. हा १८.४ चा आकडा १९९३ सालचा आहे आणि तो टक्क्यांत नाही, ठरावीक सेंटांत आहे. म्हणजे पेट्रोल कितीही महागलं तरी केंद्राला एक सेंट जास्त मिळत नाही, आणि दरम्यानच्या महागाईने त्या सेंटांचं मोल निम्म्याहून खाली आलंय. (त्यातला ०.१ सेंट कशासाठी, तर जमिनीखालच्या गळक्या टाक्या निस्तरण्यासाठी. हिशेब चोख.)

मुळात हा कर पेट्रोल वाचवण्यासाठी जन्मलाच नाही. ओरेगन राज्याने १९१९ मध्ये तो पहिल्यांदा लावला तो रस्त्यांसाठी. १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांचं जाळं विणायला घेतलं, तेव्हा केंद्राने कर तीन सेंट करून त्याचा वेगळा महामार्ग निधी उभारला. जो गाडी चालवतो त्याने रस्त्याचा खर्च उचलावा, एवढं साधं तत्त्व. ते लोकांना पटलं. पुढे १९८२ मध्ये करकपातीचे कैवारी अध्यक्ष रेगन यांनीही तो चारावरून नऊ सेंटांवर नेला. फक्त त्याला कर न म्हणता रस्ता वापरण्याचं शुल्क म्हटलं. १९९० आणि १९९३ च्या वाढींमागे मुख्य निकड अर्थसंकल्पातल्या तुटीची होती.

आता दुसरी बाजू बघा. १९७९ च्या तेलटंचाईनंतर अध्यक्ष कार्टर यांनी १९८० मध्ये आयात तेलावर शुल्क लावलं. पेट्रोल गॅलनमागे दहा सेंटांनी महागावं आणि लोकांनी ते जपून वापरावं, हा उघड हेतू. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ते रद्द केलं. कार्टर यांनी नकाराधिकार वापरला, तर तोही दोन्ही सभागृहांनी धुडकावला. दोन्हीकडे बहुमत त्यांच्याच पक्षाचं होतं! त्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत अपक्ष उभे राहिलेले जॉन अँडरसन म्हणत होते, गॅलनला ५० सेंट कर लावा आणि पगारातून कापला जाणारा सामाजिक सुरक्षेचा कर निम्मा करा. माझ्या मते त्या काळातली ही सर्वांत प्रामाणिक योजना. मतं पडली सात टक्क्यांहून कमी.

विरोध करणारे सगळेच काही तेल कंपन्यांचे मिंधे नव्हेत. माँटानासारख्या राज्यात दवाखाना, बाजार, शाळा सगळं मैलोन् मैल लांब आणि एसटीसारखी सोय नाही. तिथल्या तुटपुंज्या पगाराच्या माणसाला कर वाढला म्हणून गाडी घरी ठेवता येत नाही. तो दुसऱ्या खर्चाला कात्री लावतो. पेट्रोलचा खप अशाने लगेच फारसा घटत नाही. घटतो तो हळूहळू, लोक पुढची गाडी घेताना मायलेज बघू लागतात तेव्हा. पुढाऱ्याला मात्र दोन-चार वर्षांत मतं मागायची असतात. ‘इकडे घेतो, तिकडे परत देतो’ यावर तर कुठल्याच देशातला करदाता सहजी विश्वास ठेवत नाही.

म्हणून काँग्रेसने सोपी वाट धरली होती. १९७५ च्या कायद्याने पेट्रोलऐवजी मोटार कंपन्यांना धरलं : तुम्ही विकलेल्या मोटारींची सरासरी १९८५ पर्यंत गॅलनला साडेसत्तावीस मैल, म्हणजे लिटरला पावणेबारा किलोमीटरच्या आसपास, भरली पाहिजे. याचा खर्च गाडीच्या किमतीत लपतो, पंपावर दिसत नाही. पण ‘हलके ट्रक’ या वर्गाला नियम सैल ठेवले. शेतकरी आणि कारागिरांच्या पिकअपसाठी ठेवलेल्या त्या फटीतून पुढे अवाढव्य एसयूव्ही बाहेर पडल्या आणि शहरातल्या आया मुलांना त्यातून शाळेत सोडू लागल्या. जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवर १९७८ मध्ये बसवलेला खास करही या एसयूव्हींना लागू नाही.

अर्थतज्ज्ञांना विचाराल तर त्यांचा कौल बहुधा कराच्याच बाजूने पडतो. धाकट्या बुश यांचे आर्थिक सल्लागार राहिलेले ग्रेगरी मॅनकिव यांनी, पद सोडल्यावर अर्थात, दरवर्षी दहा सेंट असा दहा वर्षांत एक डॉलर कर वाढवा, असं २००६ मध्ये सुचवलं. दोनच वर्षांनी भाव भडकले तेव्हा अध्यक्षपदाच्या शर्यतीतले मॅकेन आणि हिलरी क्लिंटन उलट उन्हाळाभर कराला सुट्टी द्या म्हणत होते. २०२२ मध्ये बायडन यांनीही तीन महिन्यांची सुट्टी मागितली. काँग्रेसने दिली नाही. आपल्याकडे मे २०२० मध्ये केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे दहा रुपये एका अधिसूचनेने वाढवले आणि कच्चं तेल कोसळलेलं असल्याने पंपावर कुणाला कळलंही नाही. तिथे केंद्राला एका सेंटासाठीही कायदा लागतो, म्हणजे नावानिशी मतदान.

शिवाय एकाच कराकडून दोन उलट कामं मागितली जातात. रस्त्यांसाठी पैसा हवा तर पेट्रोल खपायला हवं. काटकसर साधली तर निधी आटतो. २००८ पासून महामार्ग निधीत इतर करांचा पैसा ओतावा लागतोय.

तुमच्या मुलीच्या राज्यात हा पेच उघडा पडला. न्यू जर्सीने २०१६ मध्ये कर एकदम २३ सेंटांनी वाढवला, तोही रिपब्लिकन गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांच्या सहीने. रस्तेनिधी रिकामा झाला होता, आणि बदल्यात विक्रीकर थोडा उतरवला. सोबत अट अशी, की ठरलेली रक्कम जमलीच पाहिजे. खप घटला तर दर आपोआप चढेल. करोनात लोक घरी बसले, पेट्रोल कमी जळलं, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये कर ९.३ सेंटांनी वाढला. पुढच्या वर्षी गाड्या पुन्हा धावू लागल्या तेव्हा ८.३ सेंटांनी उतरला. पेट्रोल वाचवलंत, घ्या वाढीव कर! आणि मुलगी विजेवरची गाडी घ्यायच्या विचारात असेल, तर तिला सांगून ठेवा : जुलै २०२४ पासून तिथे अशा गाडीला वर्षाला २५० डॉलर रस्ताशुल्क सुरू झालंय, ते २०२८ पर्यंत दरवर्षी दहा डॉलरने वाढत जाणार आहे, आणि नव्या गाडीला पहिल्या चार वर्षांचं एकदम भरावं लागतं.